पडसाद मागे सरकायला हवा

कोथरूडच्या माझ्या खोलीत गाण्याच्या मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे आवाज जुळवायला, येणारे पडद्यावर टेप एकोचं, म्हणजे टेपवरून पडसाद देणाऱ्या जुन्या यंत्राच्या सॉफ्टवेअर-नकलेचं, चित्र बघतात आणि विचारतात, "स्वच्छ डिले हाताशी असताना हे जुनं कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वच्छ डिले, म्हणजे डिजिटल पडसाद, आवाजाची हुबेहूब नक्कल थोड्या वेळाने परत देतो. दुसरी तितकीच लख्ख, तिसरीही, फक्त आवाज लहान. अभंगातल्या 'विठ्ठला'चा ठ्ठ मग मागून टोचत राहतो आणि गायिकेच्या पुढच्या शब्दावर आदळतो.

टेपवर असं होत नाही. एक हेड आवाज टेपवर उमटवतं, टेप थोडी पुढे सरकते, दुसरं हेड तो वाचतं. टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर पळत असेल आणि हेडांमध्ये 5 सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज पाव सेकंदाच्या जरा नंतर येतो. त्यातला काही भाग पुन्हा टेपवर जातो आणि दर फेरीला त्याची वरची धार बोथट होते. चार-पाच फेऱ्यांत व्यंजनं विरतात, नुसता आकार उरतो. पडसाद आपणहून गाणाऱ्याच्या मागे जाऊन बसतो. मला हवं असतं ते एवढंच.

माझ्या काकांच्या वाद्यवृंदात असं यंत्र होतं. गणेशोत्सवात कार्यक्रमाआधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेडं पुसायचं काम माझं. टेपचा जोड हेडावरून गेला की बारीकसा 'टप्' ऐकू यायचा. 1974 साली आलेल्या रोलंडच्या आरई-201 'स्पेस एको'मध्ये तर वाचणारी हेडं तीन होती. सॉफ्टवेअरवाल्यांनी सर्वांत जास्त गिरवलेल्या यंत्रांपैकी ते एक.

सॉफ्टवेअरमध्ये टेप नसते, मेमरी असते. तिच्यातून आवाज वाचण्याची जागा किंचित मागेपुढे डुलवली की सूर टेपसारखा हलतो. पण खरी मेख आवाजाची वरची धार कापणाऱ्या फिल्टरच्या जागेत आहे. तो फीडबॅकच्या, म्हणजे पडसाद पुन्हा आत जातो त्या, वाटेवर हवा, म्हणजे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मऊ होते. बाहेर, शेवटी लावला तर सगळे पडसाद सारखेच बोथट होतात आणि टेपचा भास तिथेच संपतो. चांगलं प्लगइन, म्हणजे असं नक्कल करणारं सॉफ्टवेअर, ओळखायला मी वेळेचं बटण गाणं चालू असतानाच फिरवतो. सूर मींड घेतल्यासारखा घसरला, तर टेप चालवणाऱ्या मोटरचा वेग बदलण्याचा विचार बनवणाऱ्याने केला आहे.

डुलणं मात्र मी जवळजवळ शून्यावर आणतो. अनेक प्रीसेटमध्ये, म्हणजे आयत्या सेटिंगमध्ये, ते फार असतं, आणि तानपुऱ्याशेजारी हलता सूर मला सहन होत नाही. तानपुऱ्यावर तर एको लावूच नये.

पडसाद लयीला बांधायचं बटणही मी बंद ठेवतो. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत एक मात्रा 750 मिलिसेकंदांची असते, पण क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोके देणाऱ्या यंत्राशिवाय, वाजवलेला अभंग गजरापर्यंत चढत जातो. तिथे मी वेळ हातानेच, ऐकत ऐकत, कमी करत नेतो.