कॉनिक हिल: "छोटीशी टेकडी" म्हणून जाणाऱ्यांसाठी

ऑफिसमधल्या एका स्कॉटिश सहकाऱ्याने सांगितलं होतं की लॉख लोमंड (ग्लासगोजवळचं मोठं तळं) बघायचंय ना, मग बोटीत पैसे घालवू नका, कॉनिक हिल चढा, अर्ध्या तासात वर, आमची आजी पण जाते. मला त्या आजीला एकदा भेटायचंय.

उंची फक्त 361 मीटर. मी, बायको आणि पुण्याहून आलेला मेव्हणा. मेव्हणा हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला माणूस, तो आकडा ऐकून हसला. पण जिथून चढायचं ते बलमाहा गाव तळ्याच्या पाण्याला टेकून आहे, म्हणजे ती उंची जवळपास सगळीच्या सगळी आपल्याला चढायची असते आणि तीही साधारण दोन किलोमीटरमध्ये. जाऊन येऊन चार किलोमीटर, आम्हाला थांबत थांबत पावणेतीन तास लागले. अर्धा तास वगैरे विसरा.

सुरुवात बलमाहाच्या कार पार्कच्या मागून, झाडीतून. इथून वेस्ट हायलँड वे जातो, म्हणजे ग्लासगोजवळच्या मिल्नगावीपासून (हे लिहितात असं आणि म्हणतात 'मलगाय', मला दोन वर्षांनी कळलं) फोर्ट विल्यमपर्यंतची 154 किलोमीटरची वाट, त्यामुळे पाठीवर घर घेतलेली माणसं समोरून उतरताना दिसतात. झाडी संपली की दगडी पायऱ्या. पायऱ्या चांगल्या बांधल्यात पण उंची एकसारखी नाही, पावसात गुळगुळीत होतात, आणि पाऊस असतोच. मग एक खिंड लागते आणि तिथे पहिल्यांदा मागे वळून बघितलं की तळं दिसतं. इथपर्यंत तक्रार नाही.

आता खरी भानगड. वेस्ट हायलँड वे टेकडीच्या माथ्यावर जातच नाही, तो कडेकडेने निघून जातो. माथ्यासाठी वाट सोडून उजवीकडे वर चढावं लागतं आणि तो शेवटचा टप्पा म्हणजे शुद्ध घसारा आहे. सगळी टेकडी गोट्यांच्या दगडाची, म्हणजे गोल गोल गोटे लालसर सिमेंटमध्ये बसवल्यासारखे, गुडदाणीची वडी बघितली असेल तर अगदी तशी. ते गोटे सुटून वाटेवर पसरलेले असतात आणि पायाखाली छर्ऱ्यासारखे फिरतात. चढताना काही वाटलं नाही. उतरताना मी दोनदा बसलो, दुसऱ्यांदा बसलो ते आठ-दहा फूट खाली जाऊनच थांबलो, तळहात सोलला, पँट गेली. तेवढ्यात शेजारून पासष्टीच्या एक बाई कुत्र्याला घेऊन टुणटुण उतरत गेल्या, मला "यू ओके, लव्ह?" विचारून. हीच ती आजी असणार. मेव्हणा रनिंगच्या शूजमध्ये होता, त्याने जवळपास पूर्ण टप्पा बुडावर केला आणि हरिश्चंद्रगडाचं नाव दिवसभर परत काढलं नाही.

आणि खोटी टोकं! हे टोक गाठलं की पुढे अजून एक, ते गाठलं की अजून एक. आम्ही दोनदा "पोचलो" म्हणून फोटो काढले. पण खरं सांगू का, तळ्याचा नजारा या अलीकडच्या उंचवट्यांवरूनच जास्त चांगला आहे, खऱ्या टोकावर गेल्यावर तुम्ही पाण्यापासून उलट लांब जाता. तिथे काय आहे तर वारा. हट्ट नसेल तर शेवटचं टोक सोडून द्या, काही बिघडत नाही.

नजारा मात्र... ढग पाचेक मिनिटंच उघडले असतील, पण आम्ही तिघेही गप्प. टेकडीची धार खाली पाण्यात उतरते आणि तिच्याच रेषेत बेटं, इंचकॅलख, टॉरिंच, क्रीइंच आणि पलीकडे मोठं इंचमरिन, कोणीतरी दोरी धरून मांडल्यासारखी. ही हायलँड बाउंड्री फॉल्टची रेषा, जमिनीतला मोठा भेग-पट्टा. डावीकडे दक्षिणेला सपाट हिरवी शेतं, उजवीकडे उत्तरेला डोंगरच डोंगर आणि बेन लोमंड, 974 मीटर, डोकं ढगात. शाळेत भूगोलात एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. घसाऱ्यासकट परत जाईन मी याच्यासाठी, बायकोने हात धुवून बँडेज लावताना हे ऐकून घेतलं नाही ती गोष्ट वेगळी.

जाणाऱ्यांनी एवढं करा. तळव्याला खाचा असलेले बूटच घाला, एक काठी घ्या, ती उतरताना लागते. वर आडोसा नाही, जून असला तरी विंडचीटर हवाच. उन्हाळ्यात वारा पडला की खाली मिजेस येतात, दिसायला चिलटं पण चावतात भयंकर. वसंतात मेंढ्यांची पिल्लं होतात तेव्हा काही आठवडे वर कुत्रा नेता येत नाही, गेटवर पाटी असते. आणि शनिवार-रविवारी गाडीने येणार असाल तर सकाळी लवकर, नंतर पार्किंग मिळत नाही.

आम्ही गाडीने नव्हतो. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून बॅलखपर्यंत ट्रेन आणि तिथून ड्रिमनमार्गे बस, जाताना मस्त. येताना माझ्या दोन घसरगुंड्यांमुळे बस चुकली, पुढची बघायला गेलो तर भला मोठा गॅप, शेवटी टॅक्सी बोलावली आणि त्याने बॅलखपर्यंतचे 45 पाउंड घेतले, मीटर न लावता, वर म्हणे संडे रेट. तिघांच्या चिप्स आणि चहापेक्षा, ट्रेनपेक्षा, सगळ्या दिवसापेक्षा महाग! बसच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळांचा फोटो काढा आणि टॅक्सी लागलीच तर बसायच्या आधी भाडं ठरवा.

मेव्हणा आता पुढच्या वेळी बेन लोमंड म्हणतोय. त्याला म्हटलं आधी टॅक्सीचे साडेबावीस दे.