दीड इंचात तीन सूत

रविवार, रात्री साडेदहा

आज पहाटे पाच ते सात या वेळात शेकडेवारीची चाळीस उदाहरणे सोडवली. एकतीस बरोबर आली. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची राज्य सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सगळे जिला एमबीए सीईटी म्हणतात ती, द्यायची असे मी गणपतीत ठरवले, तेव्हा दहावीचा भूमितीचा पेपर लिहून मला एकवीस वर्षे झाली होती. १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, त्यांतले ५० गणिताचे. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ४५ सेकंद येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा गणिताच्या वाटेला जाऊ नकोस, शेवटच्या पाच मिनिटांत अंदाजाने पर्याय भरून टाक, असे मला दोघा-तिघांनी मनापासून सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, पण तसे करायला माझे मन तयार होईना. शाळेतही मी गणित असेच सोडले होते, आणि ते सोडल्यामुळे पुढे काय काय हातून निसटले याची जाणीव आता एकेका प्रकरणागणिक होत आहे.

शेकडेवारीचेच पाहा. २०२० साली टाळेबंदीच्या काळात आमच्या कार्यालयाने सगळ्यांच्या पगारात वीस टक्के कपात केली आणि पुढच्या वर्षी वीस टक्के वाढ देऊन ती कपात भरून निघाल्याचे पत्र दिले. ते पत्र मी आनंदाने सही करून घेतले होते. आज सकाळी सव्विसावे उदाहरण नेमके तसेच निघाले: एका वस्तूची किंमत आधी वीस टक्क्यांनी घटली, मग वीस टक्क्यांनी वाढली, तर मूळ किमतीत काय फरक पडला? मी वहीच्या समासात स्वतःचेच आकडे मांडले. २५,००० चे वीस टक्के म्हणजे ५,०००, राहिले २०,०००. पण वाढ मोजायची ती या २०,००० वर, म्हणून ती फक्त ४,०००, आणि हाती आले २४,०००. दरमहा हजार रुपये कमी पडत होते, आणि मी इतकी वर्षे समजत होते की ते कुठल्यातरी वजावटीत जात असावेत. पूर्वीचा पगार परत यायला वाढ पंचवीस टक्क्यांची हवी होती. टक्के कशाचे, हा प्रश्न शाळेत मला कोणी विचारायला शिकवले नव्हते; सूत्र तेवढे पाठ होते. पेन खाली ठेवून मी बराच वेळ त्या २४,००० कडे पाहत बसले होते. राग आला, तो त्या पत्राचा आला आणि त्याहून अधिक मी ते न तपासता घेतल्याचा आला.

दुसरी अडचण भाषेची. शिकवणीचे व्हिडिओ इंग्रजीत असतात आणि माझ्या डोक्यातले गणित मराठीत चालते, त्यामुळे एलसीएम ऐकले की आधी लसावि आठवावा लागतो आणि मगच हात हलतो. सुरुवातीला मला हे ओझे वाटे. आता तसे वाटत नाही, कारण आपल्या संख्यांच्या नावांतच काही वेळा हिशेबाची वाट दडलेली असते. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक उणा, हे नावच सांगते; मग एकोणसत्तर सक किती, तर सत्तर सक चारशे वीस, त्यातून सहा गेले, चारशे चौदा. कागद लागत नाही.

अपूर्णांकांच्या भागाकाराशी मात्र मी तीन दिवस झगडत होते. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचे, हे मला सहावीपासून येत होते. का उलटा करायचा, हे येत नव्हते, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे घाईत मी कधी पहिला उलटा करी, कधी दुसरा. आज दुपारी अण्णांची जुनी पट्टी हातात आली. अण्णांनी चाळीस वर्षे सुतारकाम केले. त्यांच्या बोलण्यात तीन अष्टमांश कधीच नसते, तीन सूत असते, कारण एका इंचाचे सूत आठ. दीड भागिले तीन अष्टमांश हे उदाहरण मी त्या पट्टीवर धरले. दीड इंचाचे बारा सूत, त्यांत तीन-तीन सुतांचे वाटे चार. भागाकार म्हणजे यात ते किती वेळा बसते एवढेच विचारणे, आणि छेदातला आठ वर जातो तो प्रत्येक इंचाचे आठ सूत होतात म्हणून. मग पुस्तकातल्या रीतीने करून पाहिले, तीन द्वितीयांश गुणिले आठ तृतीयांश, आणि उत्तर तेच, चार, आले. एकवीस वर्षांपूर्वी हीच पट्टी आमच्या घरात भिंतीला टांगलेली होती. अण्णा रोज अपूर्णांकांत काम करत होते आणि मी त्याच खोलीत अपूर्णांक पाठ करत होते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे आम्हा दोघांनाही कधी वाटले नाही. याचे मला आज फार वाईट वाटले.

संध्याकाळी अण्णांना फोन केला आणि हे उदाहरण त्यांना घातले. दीड इंच रुंदीच्या फळीतून तीन-तीन सुतांच्या किती पट्ट्या निघतील? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चार कशा निघतील गं? करवत खाते ते कुठं धरलंस? दर कापाला अर्धा सूत जातं."

जेवण झाल्यावर ते पुन्हा मांडले. चार पट्ट्यांचे बारा सूत आणि त्यांच्यामधल्या तीन कापांचे दीड, मिळून साडेतेरा, आणि फळी तर बारा सुतांचीच. तेव्हा पट्ट्या तीन, त्यांचे नऊ सूत, तीन कापांचे दीड, आणि बाकी दीड सूत. परत फोन लावून सांगितले. ते म्हणाले, "हां, आता बरोबर."

उद्यापासून काळ, काम आणि वेग.