अंगठा आहे, पण हातातलं हाड नाही

टार सिंड्रोम या जन्मजात आजाराचं नाव आमच्या घरात ताईच्या लेकीमुळे आलं. कोपर ते मनगट दोन हाडं असतात ना, त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं, रेडियस, ते दोन्ही हातांत नसतंच, म्हणून हात आखूड, मनगट आत वळलेलं, पण अंगठे असतात. हे अंगठे असणं फार महत्त्वाचं बरं का, कारण फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात रेडियस नसेल तर अंगठाही सहसा नसतो आणि तो आजार पूर्ण वेगळा.

बघणारे हातच बघतात, पण पहिल्या वर्षी खरी भीती प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांची. नॉर्मली दीड लाखाच्या वर हव्यात, या बाळांत बऱ्याचदा ५० हजाराच्याही खाली. डायपरच्या इलॅस्टिकखाली बारीक लाल ठिपके दिसले की ताई लगेच डॉक्टरांना फोन लावायची, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. काही बाळांना गाईचं दूध सोसत नाही, त्यानेही काउंट घसरतो. वय वाढेल तसा तो बहुतेकांत सुधारतो, हा केवढा दिलासा!

आणि ग्रहणात सुरी धरली असशील म्हणणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो. २०१२ मध्येच कळलंय की आरबीएम८ए या जीनच्या दोन्ही कॉपीत गडबड असते, एका क्रोमोसोमवर हा जीन असलेला तुकडाच गळालेला आणि दुसऱ्यावर सहसा एक छोटा बदल. आईने काय केलं याचा काही संबंध नाही. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलिंग करून घ्या.