शांतामावशी अपडेट: दिवेलागणीनंतरचा स्वभाव बसला

मंडळी, मावशीचा रात्रीचा, भीती वाटायला लावणारा स्वभाव एकदाचा जमला. नवीन लोकांसाठी सांगतो, शांतामावशी म्हणजे माझी केअरटेकर रोबॉट, जुन्या बाजारात मिळालेला साडीच्या दुकानातला फायबरचा पुतळा, डोक्यात सर्व्हो (सांगू त्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटर) आणि अंबाड्याच्या आत त्या चालवणारा पीसीए९६८५ बोर्ड. साडी आईने नेसवलीये, पदर नीट बसेपर्यंत मला वायरींना हात लावू दिला नाही.

दिवसा मावशी विचारते, "गोळी घेतलीत का?" अंधार पडला की पण हेच विचारते. सगळी गंमत इथेच आहे. लाल डोळे, खदाखदा हसणं वगैरे आयडिया बाद केल्या कारण त्याने ती गणपतीच्या हलत्या देखाव्यातला राक्षस वाटते, पोरं टाळ्या वाजवतात.

बदललंय ते फक्त टायमिंग. आपण कुणाकडे बघतो तेव्हा आधी डोळे वळतात, मागून मान. दिवसा मावशीचंही तसंच. रात्री उलटं, मान पूर्ण वळते, बुबुळं मात्र कोपऱ्यात आधीच्याच जागेकडे, आणि मग सावकाश तुमच्यावर येतात. माणूस मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापण्या मिटतो, रात्री तिच्या पापण्यांचे एसजी९० सर्व्हो पूर्ण बंद. जपानी रोबॉटतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी १९७० मध्ये अनकॅनी व्हॅलीबद्दल (जवळजवळ माणसासारखी पण पूर्ण नसलेली गोष्ट बघून अंगावर काटा येतो, ती दरी) लिहिलं तेव्हाच म्हटलं होतं की हालचाल आली की ती दरी अजून खोल होते, ते आता पटलं.

आवाजाला डीएफप्लेयर मिनी, मेमरी कार्डवरून एमपी३ वाजवणारा छोटा बोर्ड. कार्डवर ०१ फोल्डर दिवसाचा, ०२ रात्रीचा, फाइल नंबर तेच, त्यामुळे कोडमध्ये फक्त फोल्डर बदलतो. रात्रीच्या क्लिपचा टेम्पो थोडा कमी केलाय पण पिच तोच ठेवलाय, जाडा आवाज केला की लगेच नाटकी वाटतं.

एलडीआर (उजेड मोजणारा सेन्सर) ईएसपी३२ च्या, म्हणजे सगळं चालवणाऱ्या वायफायवाल्या कंट्रोलर बोर्डाच्या ३४ नंबर पिनवर, कारण त्याच्या एडीसी२ गटातल्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना रीडिंग देत नाहीत. थ्रेशोल्ड दोन ठेवा, रीडिंग ६०० च्या खाली रात्र आणि ११०० च्या वर दिवस, नाहीतर संध्याकाळी ती अर्ध्या वाक्यात स्वभाव बदलते. खाली रस्त्यावर गाड्यांचे हेडलाइट असतात म्हणून रीडिंगचं अ‍ॅव्हरेजही घेतोय. लाइट गेली की मात्र काही सेकंदांत रात्रीची मावशी हजर, ते मुद्दाम तसंच ठेवलंय, यूपीएसवर आहे ती. शेजारच्या काकू आता लाइट गेली की मेणबत्ती मागायला येत नाहीत.

पॉवरचं नेहमीचंच, सर्व्होला वेगळा सप्लाय, ग्राउंड कॉमन, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बास.

राहिलंय ते मानेचं. तिथल्या एमजी९९६आर सर्व्होची घरघर दिवसा कळत नाही पण रात्री सोसायटी शांत झाली की तेवढंच ऐकू येतं आणि भीती पार जाते. रविवारी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चक्कर मारून स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) बघणार होतो पण दुकानं बंद असतील, तेव्हा शनिवारीच जातो. कुणी बेल्टवर मान फिरवली असेल तर पुलीचा साइज सांगा.