कुडल संगमावर मासे काय खातात ते बघत बसलो

सोलापूरवरनं विजापूर रोडनं मंद्रूपच्या पुढं गेलं की हत्तरसंग कुडलला वळता येतं, भीमा आणि सीनेचा संगम. लोक येतात ते संगमेश्वराचं दर्शन, शके ९४० चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखांचं शिवलिंग बघायला, ते बघाच, पण मी दर्शन घेऊन सरळ सीनेच्या बाजूला उथळ पाण्यात जाऊन बसलो कारण मला मासे बघायचे होते, छोटे, बोटाएवढे, ज्यांना बाजारात कुणी विचारत नाही.

डब्यातली कडक भाकरी चुरून टाकली आणि एका मिनिटात कोण कुठं जेवतंय ते दिसायला लागलं. वर तरंगणारा चुरा दांडवणांनी पळवला, अंगावर काळी पट्टी असते ना ते, यांचं तोंडच वरच्या बाजूला उघडतं त्यामुळं एरवी पाण्यावर पडलेले किडे, मुंग्या, डास हे त्यांचं खाणं. तळाला गेलेला चुरा मुरीनं शोधला, मिशांनी चाचपत. ती वाळूचा घास घेते, आतल्या अळ्या-बिळ्या ठेवून घेते आणि वाळू कल्ल्यातनं बाहेर सोडते, हे मी अगदी हातभर अंतरावरनं पाहिलं आणि बघतच राहिलो!

मळ्या मात्र भाकरीकडं फिरकला पण नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं त्यात हा आहे. तोंड खालच्या बाजूला, त्यामागं छोटी चकती, तिनं दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात तो शेवाळ खरवडतो. दगडावर खरवडल्याच्या फिकट खुणा पण दिसल्या. शेजारी जाळं नीट करत बसलेल्या मामांना विचारलं, हा गळाला लागतो का?

"न्हाई वो, दगड चाटून जगतंय ते, गळाला कशाला येतंय."

बरोबरच आहे. शेवाळ पचायला वेळ लागतो म्हणून असल्या माशांचं आतडं अंगापेक्षा कितीतरी लांब, वेटोळं घातलेलं असतं, किडे खाणाऱ्यांचं आखूड असलं तरी भागतं. आणि मळ्या, दांडवण, रोहू या सगळ्या कुळाला जठर नसतं, जबड्यात दात पण नसतात, दात असतात ते घशात. आरपार दिसणारा चांदा तर दुसऱ्या माशांचे खवले उपटून खातो, मला हे वाचून खरंच वाटलं नव्हतं.

एवढ्याशा डबक्यात एवढे जण एकमेकांच्या घासाला धक्का न लावता जगतात हे मला फार आवडलं. पण वाळू उपसली की मुरीचं जेवणच गेलं, आणि गाळानं दगड झाकले की मळ्याचं, म्हणून नदीकाठी वाळूचे ढीग दिसले की पोटात कालवतं.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात पाणी गढूळ असतं काही दिसत नाही. सकाळी ऊन जरा वर आलं की उथळात बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, आणि भाकरी चिमूटभरच टाका, उरलेली पाण्यात सडते.