वाडा म्हणजे ये रे

तमिळ शिकण्याच्या खटाटोपाची ही चौथी नोंद. बातम्या ऐकणं बंद केलंय. बातम्यांतली तमिळ घरात कुणी बोलत नाही, हे कळायला मला तीन महिने लागले. आता एकच सिनेमा धरलाय आणि तो पाठ होईपर्यंत सोडायचा नाही असं ठरवलंय: २००१ चा ‘पिरियाद वरम वेंडुम’. प्रशांत आणि शालिनी. शेजारशेजारची दोन घरं, बालपणापासून एकमेकांना चिकटलेली दोन पोरं, आणि तिला दुसऱ्या कुणी मागणी घातल्यावर याला फुटलेला घाम.

हाच का, तर गोष्ट आधीच ठाऊक होती म्हणून. रितेश-जेनिलियाचा ‘तुझे मेरी कसम’ (२००३) आपल्याकडे कुणी पाहिला नाही? त्याच गोष्टीचं मूळ मल्याळममध्ये, १९९९ चा ‘निरम’. मग तेलुगूत ‘नुव्वे कावाली’, नंतर हा तमिळ. ‘निरम’ही कमल यांचाच (कमल हासन नव्हेत, मल्याळमचे दिग्दर्शक) आणि नायिकाही शालिनीच. कथेकडे लक्ष द्यावं लागत नसलं की कान मोकळे राहतात. नवशिक्यांनी नवा रहस्यपट घेऊन बसू नये, मी बसलो होतो.

पहिल्या बैठकीत वीस मिनिटांत अकरा शब्द लागले. सबटायटल झाकायला पडद्याच्या खालच्या बाजूला कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवलाय. दिसायला वाईट, पण उपयोगी.

नावापाशीच पहिली ठेच लागली. ‘पिरियाद’मध्ये मला ‘प्रिय’ दिसलं आणि ‘प्रिय वर हवा’ असा अर्थ मी ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीला ठासून सांगितला. ती हसत सुटली. ‘पिरि’ म्हणजे वेगळं होणं, आणि ‘आद’ने नकार. न दुरावण्याचा वर हवा. वर तेवढा आपला निघाला, पण नवरदेव नव्हे, देवाने दिलेला. बोलताना ‘वेंडुम’चं ‘वेणुम’ होतं, आणि उलट ‘वेणाम’. एनक्कु वेणुम, एनक्कु वेणाम. मला हवं, मला नको. हिंदीत ‘नको’साठी ‘नहीं चाहिए’ असे दोन शब्द लागतात, इथे आपल्यासारखाच एक. त्या दिवशी पहिल्यांदा ही भाषा परकी वाटली नाही.

पण खरा खजिना हाकांमध्ये आहे. दोघं दिवसभर एकमेकांच्या घरात, त्यामुळे वाडा, पोडा, वाडी, पोडी असं अखंड चालू. मी पहिले दोन दिवस शेजारचा वाडा शोधत होतो! ‘वा’ म्हणजे ये, त्याला ‘डा’ लागला की ये रे, ‘डी’ लागली की ये गं. ‘पो’ म्हणजे जा, तर पोडा म्हणजे जा रे. अगदी आपलं रे-गं, आणि तेही क्रियापदाच्या शेपटीला. मोठ्यांना मात्र ‘वांग’, म्हणजे ‘या’. हेडफोन नसल्याने घरभर हेच ऐकू जायचं. शेवटी आई आतून म्हणाली, “कुणाचा वाडा पाडतायत रे एवढा वेळ?”

गच्चीला ‘मोट्टै माडी’ म्हणतात, हेही याच महिन्यात कळलं. माडी आपलीच, आणि मोट्टै म्हणजे मुंडण केलेलं डोकं. टकली माडी! आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पत्रे टाकलेत, तेव्हा तिला आता टोपीवाली म्हणावं लागेल.

अडलंय ते उच्चारात. आपल्याला ळ येतो म्हणून मला फार माज होता. पण ‘तमिळ’ या नावातला शेवटचा वर्ण आपला ळ नाहीच. जीभ मागे वळते आणि टाळूला न लागताच राहते. वाल म्हणजे शेपूट, वाळ म्हणजे तलवार, आणि तिसरा तो वाऴ म्हणजे जगणं. मैत्रिणीच्या मते मी अजून तलवारच जगतोय.

काल चौथी बैठक झाली. पुठ्ठा न काढता पस्तीस मिनिटं गेली, बापलोकांचं भरभर बोलणं सोडून. ते निसटतं ते निसटतंच. पुढच्या महिन्यात ‘निरम’ लावून दोन्ही शालिनी शेजारी शेजारी बसवणार आहे. मल्याळममधले ‘डा-डी’ ऐकून कुणी वही केली असेल तर मला द्या, माझी तमिळची वही बदल्यात मिळेल. चहाचे डाग आहेत, पण वाचता येते.