ब्रोलिओचा किल्ला आणि तिथली कियांती: बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

इटलीतला टस्कनी प्रांत म्हटला की आपल्या मंडळींचा बेत फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा आणि परत, एवढाच असतो. आमच्या बेतात मी हट्टानं ब्रोलिओ घालून घेतलं. हा किल्ला रिकासोली घराण्याकडे ११४१ पासून आहे, आणि भोवतीच्या द्राक्षांची कियांती ही लाल वाइन आजही त्याच घराण्याच्या नावानं निघते.

आधी वाटेचं. फ्लॉरेन्सहून सिएनाला बसनं जा. रेल्वेही आहे, पण सिएनाचं स्टेशन खाली उतारावर आहे. बस जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते. पुढचे साधारण २० किलोमीटर मात्र बसच्या भरवशावर काढू नका. टॅक्सी जाण्यायेण्याची ठरवून घ्या किंवा गाडी भाड्यानं घ्या. गाडी घेणार असाल तर इंटरनॅशनल परमिट निघण्यापूर्वीच आरटीओतून काढा. जुन्या शहरांत ‘झेडटीएल’ (म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग) अशी पाटी दिसली की आत शिरू नका; कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड पुढे कित्येक महिन्यांनी येतो. गाडी चालवणाऱ्यानं वाइन पिऊ नये. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

किल्ल्याचा जुना तट करड्या दगडाचा, आतला वाडा लाल विटांचा. हा विटांचा साज एकोणिसाव्या शतकातला, बेत्तिनो रिकासोलींच्या काळचा. हे गृहस्थ (१८०९–१८८०) समजून घेतले तर पेल्यातली वाइन समजते. पहिले पंतप्रधान कावूर वारल्यावर १८६१ मध्ये ते एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. लोक त्यांना ‘पोलादी बॅरन’ म्हणत. पण त्यांचा जीव या मळ्यात होता. वर्षानुवर्षं वेगवेगळी द्राक्षं मिसळून पाहिल्यावर १८७२ मध्ये त्यांनी पिसाच्या प्राध्यापक स्तुदियातींना पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवला: सुगंध आणि जोम सांजोवेज़े या काळ्या द्राक्षाचा, त्याचा कडकपणा मऊ करायला कानायोलो हे दुसरं काळं द्राक्ष, आणि लवकर प्यायच्या वाइनपुरतं माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष, मुरवायच्या वाइनीत ते नको. कियांती कशी असावी याचा पाया या पत्रानं घातला. राज्यकारभार सांभाळून मातीत एवढं लक्ष घालणारा माणूस सयाजीरावांच्या गावच्यांना लगेच आपला वाटतो.

मधल्या काळात हा धंदा परदेशी कंपन्यांच्या हाती गेला होता. फ्रान्चेस्को रिकासोलींनी १९९३ मध्ये तो परत घेतला आणि मळे नव्यानं लावायला घेतले. मला या घराण्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचसाठी.

आजच्या नियमानुसार कियांती क्लासिकोत, म्हणजे या मूळ कियांती भागातल्या वाइनीत, किमान ८० टक्के सांजोवेज़े लागतं आणि २००६ पासून पांढरी द्राक्षं चालत नाहीत. तिची खूण म्हणून बाटलीच्या गळ्यावर काळ्या कोंबड्याचं चिन्ह बघा. साधी बाटली किमान १२ महिने मुरते, त्यावरच्या दर्जाची रिझर्वा २४ आणि सर्वांत वरची ग्रान सेलेत्सिओने ३०. टेस्टिंगला याच क्रमानं चाखा.

पहिल्या घोटाला माझी नणंद म्हणाली, “वहिनी, हे तर कोकमासारखं आंबट!” आंबटपणा आहेच, आणि द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यानं जीभही कोरडी पडते. मी तिला पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा खायला लावला आणि मग पुन्हा घोट घ्यायला सांगितलं. तेव्हा आंबट चेरीची चव मोकळी झाली. ही वाइन जेवणाबरोबरचीच आहे. रिकाम्या पोटी चाखून तिला नावं ठेवू नका. पहिल्यांदा जाणाऱ्यानं महागड्या बाटलीमागे न लागता ‘ब्रोलिओ’ नावाची साधी बाटलीच मन लावून प्यावी, असं माझं ठाम मत आहे.

शाकाहारींचे हाल होत नाहीत. रिबोलिता म्हणजे पालेभाजी, घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव घालून शिजवलेलं दाट सार. पण त्यात मांसाचं पाणी वापरलंय का, हे विचारा. पेकोरिनोत बहुधा प्राण्याचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण) असतं, कडक शाकाहारींनी तेही लक्षात ठेवावं. तिथला पाव बिनमिठाचा असतो. आम्ही मेतकूट आणि खाकरे नेले होते, त्यांचा फार आधार झाला. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी आकार लागतो, ती फसवणूक नव्हे.

द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, तेव्हा मळे बघण्यासारखे. मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जवळच्या गायोलेत लेरोइका ही जुन्या सायकलींची मोठी फेरी निघते. त्या सुमारास खोली मिळणं कठीण. टेस्टिंगचं आरक्षणही आधीच करा.

राहिला बाटलीचा प्रश्न. परदेशातून माणशी दोन लिटर मद्य कस्टम्स करमुक्त आणू देतं, पण गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याशिवाय ती बाटली बडोद्याच्या घरी ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा घ्याल ती तिथंच रात्रीच्या जेवणाबरोबर संपवा. घरी आणायला त्याच मळ्यातलं ऑलिव्ह तेल आहे. ते मात्र हातातल्या बॅगेत चालणार नाही, चेक-इनच्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवा.